समकालीन ऑस्ट्रेलियन आदिवासी कलेतील कुटुंब आणि वारसा

समकालीन ऑस्ट्रेलियन आदिवासी कलेतील कुटुंब आणि वारसा हा विषय ऑस्ट्रेलियातील मूळनिवासी चित्रकारांची घराणी, चित्रविषयांवरील त्यांचे नात्याने येणारे हक्क आणि कलाकाराच्या मृत्यूनंतर त्या चित्रांचे व प्रताधिकाराचे होणारे हस्तांतर यांच्याशी संबंधित आहे. या परंपरेत कोणत्या व्यक्तीने कोणते चित्र काढावे, हे प्रामुख्याने तिच्या आई-वडिलांच्या भूमीवरून आणि कुळावरून ठरते. कुटुंब ही येथे कलाकाराच्या चरित्राची केवळ पार्श्वभूमी नसते. चित्र काढण्याचा अधिकारच कुटुंबातून येतो. याउलट ऑस्ट्रेलियाचा प्रताधिकार कायदा प्रत्येक चित्रामागे एक व्यक्ती धरतो आणि तिच्या पश्चात हक्क मृत्युपत्रानुसार किंवा वारसा कायद्यानुसार पुढे जातात. या दोन व्यवस्थांमधील अंतराची किंमत अनेक कुटुंबांना मोजावी लागली. जलरंग चित्रकार अल्बर्ट नामाजिरा (१९०२–१९५९) यांच्या वारसांचा प्रताधिकारासाठीचा लढा हे त्याचे सर्वाधिक परिचित उदाहरण आहे.

संज्ञा आणि नावे

या लेखात ‘आदिवासी’ हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरील व लगतच्या बेटांवरील मूळनिवासी समाजांसाठी वापरला आहे. भारतातील अनुसूचित जमातींना लागू होणारा अर्थ येथे अभिप्रेत नाही. हा एकच समाज नाही. अरांडा, वार्लपिरी, पिंटुपी, अनमाजेर, योल्ङू, कुनिंज्कू, कायाडिल्ट अशा अनेक समाजांच्या भाषा, भूमी आणि नातेव्यवस्था वेगवेगळ्या आहेत.

मध्य ऑस्ट्रेलियातील चित्रकारांच्या नावांबाबत वाचकांचा बहुधा एक गैरसमज होतो. ‘क्लिफर्ड पॉसम जापलजारी’ या नावातील ‘जापलजारी’ हे आडनाव नाही. ते नातेगटाचे नाव असून इंग्रजीत त्याला ‘स्किन नेम’ म्हणतात. पिंटुपी व वार्लपिरी समाजांत असे आठ गट आहेत. पुरुषाचे गटनाम ‘ज’ ध्वनीने, तर त्याच गटातील स्त्रीचे ‘न’ ध्वनीने सुरू होते. म्हणून जापलजारी गटातील पुरुषाची बहीण ‘नापलजारी’ असते. मूल वडिलांच्या गटात न जाता ठरावीक वेगळ्या गटात जाते. जापलजारी पित्याचे मुलगे ‘जुंगुरायी’ आणि मुली ‘नुंगुरायी’ होतात. त्यामुळे क्लिफर्ड पॉसम जापलजारी यांच्या चित्रकार कन्या गॅब्रिएला पॉसम नुंगुरायी आणि मिशेल पॉसम नुंगुरायी या नावांनी ओळखल्या जातात. नाटा नुंगुरायी आणि जॉर्ज जुंगुरायी हे दोन चित्रकार मात्र सख्खे बहीण-भाऊ आहेत. कलादालनाच्या यादीत शेजारी दिसणारे दोन ‘जापलजारी’ एका आईची लेकरे असतीलच असे नाही. मात्र नात्याच्या गणितात ते एकमेकांचे भाऊच ठरतात.

या व्यवस्थेत वडिलांचा भाऊ हाही ‘वडील’ आणि आईची बहीण हीही ‘आई’ मानली जाते. परिणामी चुलत व मावस भावंडे सख्ख्यांसारखीच गणली जातात, तर मामे व आते भावंडांचे नाते निराळे मानले जाते. मराठी भाषेत काका, मामा, आत्या आणि मावशी यांना स्वतंत्र शब्द असल्याने हा भेद समजण्यास सोपा जातो. इंग्रजीतील कलासमीक्षेत मात्र ‘अंकल’ व ‘आंटी’ या दोनच शब्दांत तो बहुतेकदा हरवतो.

चित्रविषयावरील हक्क

बहुतेक आदिवासी चित्रांचा विषय भूमी आणि त्या भूमीला आकार देणाऱ्या पूर्वजांचा प्रवास हा असतो. या संकल्पनेला पश्चिम वाळवंटातील भाषांमध्ये ‘जुकुर्पा’ म्हणतात. इंग्रजीत रूढ झालेल्या ‘ड्रीमिंग’ या शब्दामुळे तिचा संबंध झोपेतील स्वप्नाशी जोडला जातो, परंतु तो अर्थ दिशाभूल करणारा आहे. जुकुर्पामध्ये कथा, स्थळ, विधी, गीत, आकृती आणि आचारनियम हे सर्व एकत्र येते. पूर्वजाच्या मार्गावरील प्रत्येक पाणवठा किंवा खडक कोणत्या ना कोणत्या कुटुंबाच्या जबाबदारीत असतो आणि त्या स्थळाचे चित्र काढण्याचा अधिकारही त्या कुटुंबाकडेच राहतो.

वार्लपिरी समाजात ही जबाबदारी दोन बाजूंनी विभागलेली असते. पितृपक्षाकडून एखाद्या भूमीचा व कथेचा वारसा मिळालेल्यांना ‘किर्डा’ म्हणतात. मातृपक्षाकडून तिच्याशी जोडलेले ‘कुर्डुंगुर्लु’ होत. किर्डा विधी करतो किंवा चित्र काढतो आणि कुर्डुंगुर्लु ते नियमानुसार होत आहे की नाही यावर लक्ष ठेवतो. कोणतीही एक बाजू दुसरीशिवाय अपुरी मानली जाते. एकाच व्यक्तीची भूमिका वडिलांच्या भूमीबाबत किर्डाची, तर आईच्या भूमीबाबत कुर्डुंगुर्लुची असते. चित्राच्या मागे एकच सही असली, तरी त्यामागे इतरांची संमती गृहीत असते.

कामाची वाटणीही याच नात्यांतून होते. मोठ्या कॅनव्हासवरील पार्श्वभूमीचे ठिपके पत्नी, मुली किंवा भावंडांनी भरणे मध्य ऑस्ट्रेलियात सर्वमान्य आहे; रचना आणि कथा ज्याची, त्याचे ते चित्र. पाश्चात्त्य कलाबाजाराला मात्र एकाच हाताची खात्री हवी असते. त्यातून कर्तृत्वाविषयीचे वाद वारंवार उद्भवले. अलीकडे काही कुटुंबांनी सामूहिक कर्तृत्व उघडपणे नोंदवण्याचा मार्ग स्वीकारला आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील केन भगिनींनी ‘सेव्हन सिस्टर्स’ या चित्रासाठी २०१६ चा विन पुरस्कार पाच बहिणींच्या नावाने मिळवला. चित्राचा विषयही बहिणींचीच कथा होता. कृत्तिका नक्षत्राशी जोडलेल्या या कथेत पाठलाग करणाऱ्या पुरुषापासून सात बहिणी पळत असतात.

नामाजिरा कुटुंब

अल्बर्ट नामाजिरा यांचा जन्म २८ जुलै १९०२ रोजी मध्य ऑस्ट्रेलियातील हर्मन्सबर्ग (अरांडा नाव न्टारिया) येथील लुथरन मिशनमध्ये झाला. जन्मनाव एलिया होते. आई-वडिलांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांचे नाव अल्बर्ट ठेवण्यात आले. ‘नामाजिरा’ हे त्यांच्या वडिलांचे नाव होते. आरंभी ते चित्रांवर केवळ ‘अल्बर्ट’ अशी सही करीत. आज चार पिढ्या जे आडनाव लावतात, ते अशा रीतीने चित्रांवरील सहीतून रूढ झाले. वयाच्या सुमारे अठराव्या वर्षी त्यांनी कुकाचा समाजातील इल्कालिता (नंतरचे नाव रुबिना) हिच्याशी विवाह केला. गटव्यवस्थेनुसार हे नाते निषिद्ध असल्याने या जोडप्याला काही वर्षे मिशनपासून दूर राहावे लागले.

मेलबर्नचे चित्रकार रेक्स बॅटरबी आणि जॉन गार्डनर यांनी १९३४ मध्ये हर्मन्सबर्ग येथे आपल्या जलरंग चित्रांचे प्रदर्शन भरवले. ते पाहून नामाजिरा या माध्यमाकडे वळले. १९३६ मध्ये ते उंट हाकणारे वाटाडे म्हणून बॅटरबी यांच्यासोबत सुमारे दोन महिने फिरले आणि त्या बदल्यात जलरंगाचे तंत्र शिकले. १९३८ मध्ये मेलबर्न येथे त्यांचे पहिले एकल प्रदर्शन झाले आणि त्यातील सर्व चित्रे विकली गेली. त्यानंतर एनॉस, ऑस्कर, इवाल्ड, कीथ आणि मॉरिस हे त्यांचे मुलगेही चित्रे काढू लागले. ओटो, रूबेन आणि एडविन पारेरूल्चा हे बंधू तसेच इतर नातेवाईक यांच्यासह या गटाला ‘हर्मन्सबर्ग संप्रदाय’ असे नाव मिळाले. संप्रदाय म्हटले जात असले, तरी तो प्रत्यक्षात एक विस्तारित कुटुंबच होता. तेथे प्रवेश परीक्षेने नव्हे, नात्याने मिळे.

पांढऱ्या खोडाचे निलगिरी वृक्ष आणि जांभळ्या डोंगररांगा असलेली ही चित्रे सामान्य ऑस्ट्रेलियन घरांत अतिशय लोकप्रिय झाली. समीक्षकांनी मात्र ती युरोपीय निसर्गचित्रांची नक्कल ठरवून अनेक दशके बाजूला ठेवली. पुढील अभ्यासातून वेगळे चित्र समोर आले. नामाजिरा पुन्हा पुन्हा ज्या जागांकडे परतत होते, त्या मनाला येईल तशा निवडलेल्या नव्हत्या; पश्चिम मॅकडॉनेल पर्वतरांगांत आणि पाम व्हॅलीत त्यांचा पितृपक्ष व मातृपक्ष यांचे भूमिसंबंध होते. निषिद्ध चिन्हे न वापरता, मिशनला आणि ग्राहकाला आक्षेपार्ह न वाटता, ते आपल्याच भूमीचे चित्र काढत होते. कॅनबेरा येथील राष्ट्रीय कलादालनाने २००२ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भरवलेल्या प्रदर्शनाने या पुनर्मूल्यांकनाला चालना दिली.

यशाबरोबर कौटुंबिक जबाबदारी वाढली. मिळकत आप्तांत वाटणे हे अरांडा समाजात औदार्य नसून कर्तव्य असल्याने नामाजिरा अनेक नातेवाइकांचे पोषण करीत होते. गुरे पाळण्यासाठी जमीन भाड्याने घेण्याची आणि ॲलिस स्प्रिंग्ज येथे घर बांधण्याची परवानगी मात्र त्यांना नाकारण्यात आली. १९५४ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्याशी त्यांची भेट घडवण्यात आली. १९५६ मध्ये विल्यम डार्गी यांनी काढलेल्या त्यांच्या व्यक्तिचित्राला आर्चिबाल्ड पुरस्कार मिळाला. १९५७ मध्ये त्यांना व रुबिना यांना आदिवासींवरील निर्बंधांतून सूट मिळाली. त्यांच्या मुलांना ती मिळाली नाही.

या सुटीमुळे कुटुंबाच्या मधोमध कायद्याची रेषा आखली गेली. नामाजिरा आता मद्य विकत घेऊ शकत होते, पण ते आपल्या माणसांबरोबर वाटून घेणे हा गुन्हा होता. १९५८ मध्ये हेनॉक राबेराबा या नात्यातील चित्रकाराला मद्य पुरवल्याबद्दल त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. अपिलात ती तीन महिन्यांवर आली आणि प्रत्यक्षात त्यांनी पापुन्या येथील वसाहतीत दोन महिने काढले. ८ ऑगस्ट १९५९ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे त्यांचे निधन झाले.

प्रताधिकाराचा प्रश्न

नामाजिरा यांनी १९५७ मध्ये ‘लेजंड प्रेस’ या प्रकाशनसंस्थेशी करार करून चित्रांच्या प्रतिकृती छापण्याचे हक्क स्वामित्वधनाच्या बदल्यात दिले होते. त्यांच्या पश्चात हे उत्पन्न कुटुंबाकडे जात राहिले आणि मालमत्तेचे व्यवस्थापन नॉर्दर्न टेरिटरीच्या सार्वजनिक विश्वस्ताकडे आले. १९८३ मध्ये विश्वस्त कार्यालयाने संपूर्ण प्रताधिकार ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलरना त्याच संस्थेला विकला. कुटुंबाला विचारण्यात आले नाही आणि स्वामित्वधन थांबले. ज्या चित्रांतील भूमीची जबाबदारी नातवंडांकडे परंपरेने होती, त्या चित्रांच्या छापील प्रतीवर त्यांचा कोणताही कायदेशीर हक्क उरला नाही.

‘बिग हार्ट’ या कलासंस्थेने कुटुंबाबरोबर काम करून २०१० मध्ये ‘नामाजिरा’ हे नाटक रंगमंचावर आणले. त्याच्या प्रयोगादरम्यान कुटुंबातील चित्रकार मागील पडद्यावर खडूने प्रत्यक्ष निसर्गचित्र काढत असत. २०१३ मध्ये नाटकाच्या लंडन दौऱ्यात अल्बर्ट यांची नातवंडे लेनी आणि केविन नामाजिरा यांनी बकिंगहॅम राजवाड्यात राणी एलिझाबेथ यांची भेट घेतली. २०१७ मध्ये या लढ्यावर माहितीपट प्रदर्शित झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, उद्योजक डिक स्मिथ यांच्या मध्यस्थीनंतर, प्रताधिकार एका डॉलरच्या नाममात्र किमतीत ‘नामाजिरा लेगसी ट्रस्ट’कडे परत आला. २०१८ मध्ये नॉर्दर्न टेरिटरी सरकारने कुटुंबाला नुकसानभरपाई दिली. तिची रक्कम गोपनीय ठेवण्यात आली.

हक्क परत मिळाला, तरी तो उपभोगण्याचा काळ मर्यादित आहे. ऑस्ट्रेलियात प्रताधिकाराची मुदत कलाकाराच्या मृत्यूनंतर ५० वर्षांची होती. २००५ पासून ती ७० वर्षे करण्यात आली. त्यानुसार नामाजिरा यांच्या चित्रांवरील प्रताधिकार २०२९ च्या अखेरीस संपतो. १९८३ ते २०१७ ही ३४ वर्षे कुटुंबाच्या हातून गेली आणि परतीनंतर उरली ती १२.

पुढील पिढ्या

हर्मन्सबर्ग येथे १९९० मध्ये मृत्पात्रे घडवणाऱ्या स्त्रियांचा ‘हर्मन्सबर्ग पॉटर्स’ हा गट स्थापन झाला. ॲलिस स्प्रिंग्जमधील ‘इल्चा न्चारा’ (अर्थ : अनेक हात) हे कलाकेंद्र २००४ पासून जलरंगाची परंपरा चालवत आहे.

अल्बर्ट यांचे पणतू व्हिन्सेंट नामाजिरा (जन्म १९८३) यांच्याकडे हा वारसा सरळ मार्गाने आला नाही. आईच्या मृत्यूनंतर त्यांचे बालपण हजारो किलोमीटर दूर पर्थ येथे पालक-कुटुंबांत गेले. आपले पणजोबा कोण होते, याची ओळख त्यांना पुढे मध्य ऑस्ट्रेलियात परतल्यावर झाली. ते दक्षिण ऑस्ट्रेलियातील इंडुल्काना येथे राहतात आणि ‘इवांचा आर्ट्स’ या केंद्रात काम करतात. त्यांनी जलरंगातील निसर्गचित्रांऐवजी ॲक्रिलिकमधील विनोदी, बोचरी व्यक्तिचित्रे हा प्रकार निवडला. राणी, कॅप्टन कुक, राजकारणी, धनाढ्य आणि स्वतः व्हिन्सेंट एकाच कॅनव्हासवर शेजारी येतात. ‘अल्बर्ट अँड व्हिन्सेंट’ (२०१४) या चित्रात त्यांनी पणजोबांच्या बाजूला स्वतःला बसवले आहे. २०२० मध्ये फुटबॉलपटू ॲडम गुड्स यांच्यासह स्वतःच्या चित्रासाठी त्यांना आर्चिबाल्ड पुरस्कार मिळाला. पुरस्काराच्या ९९ वर्षांच्या इतिहासात तो मिळवणारे ते पहिले आदिवासी चित्रकार ठरले. १९५६ मध्ये याच पुरस्काराच्या चित्रात नामाजिरा हे चित्रित व्यक्ती होते. २०२० मध्ये नामाजिरा हे चित्रकार होते.

पापुन्या

नामाजिरा यांनी शिक्षा भोगली त्याच पापुन्या वसाहतीत १९७१ मध्ये शिक्षक जेफ्री बार्डन यांच्या प्रोत्साहनाने ज्येष्ठ पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या जुकुर्पाचे भित्तिचित्र रंगवले. पुढील वर्षी ‘पापुन्या तुला आर्टिस्ट्स’ ही चित्रकारांच्या मालकीची कंपनी स्थापन झाली. आरंभीच्या काही फलकांत दीक्षाविधींशी संबंधित, स्त्रिया व मुलांनी पाहू नयेत अशा आकृती होत्या आणि त्यावरून शेजारच्या समाजांत तीव्र नाराजी पसरली. त्यानंतर अशी तपशीलवार चिन्हे टाळली किंवा झाकली जाऊ लागली.

क्लिफर्ड पॉसम आणि त्यांचे बंधू टिम ल्यूरा जापलजारी यांनी १९७६ मध्ये ‘वारलुगुलाँग’ हे मोठे चित्र मिळून काढले. त्याची कथाही कुटुंबाचीच आहे. लुंगकाटा या निळ्या जिभेच्या सरड्याच्या रूपातील पूर्वजाच्या दोन मुलांनी शिकार करून कांगारू खाल्ला आणि वडिलांना वाटा दिला नाही. संतापलेल्या पित्याने लावलेल्या वणव्यात दोघेही मरण पावले. याच विषयावरील १९७७ चे चित्र प्रथम १,२०० डॉलरना विकले गेले होते. २००७ च्या लिलावात राष्ट्रीय कलादालनाने ते २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरना घेतले. क्लिफर्ड पॉसम यांचे निधन २००२ मध्येच झाले होते. त्यांच्या वारसांना या पुनर्विक्रीतून कायद्याने काहीही मिळत नव्हते.

पापुन्यातील चळवळ प्रारंभी पुरुषांची होती. स्त्रिया पती, पिता व भावांच्या चित्रांत ठिपके भरत. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून किंटोर आणि किविर्कुरा येथील स्त्रिया स्वतःच्या नावाने चित्रे काढू लागल्या. १९८४ मध्ये वाळवंटातून बाहेर आलेल्या ‘पिंटुपी नऊ’ या कुटुंबातील वार्लिम्पिर्न्गा, वालाला आणि थॉमस जापलजारी हे बंधू, तसेच युकुल्ची नापांगाटी हे सर्व पुढे चित्रकार झाले. नापांगाटी यांना २०१८ चा विन पुरस्कार मिळाला.

यूटोपिया

ॲलिस स्प्रिंग्जच्या ईशान्येकडील यूटोपिया परिसरात स्त्रियांनी १९७७ पासून बाटिकचे काम सुरू केले आणि १९८८ च्या सुमारास त्या कॅनव्हासकडे वळल्या. एमिली काम उंग्वारे (सु. १९१०–१९९६) यांनी वयाच्या अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास कॅनव्हास रंगवण्यास प्रारंभ करून आठ वर्षांत सुमारे ३,००० चित्रे काढली असे मानले जाते. त्यांच्या नावातील ‘काम’ म्हणजे रानकंदाचे बी. तो कंद त्यांच्या अलहाल्केर या भूमीच्या कथेचा भाग असल्याने नाव, भूमी आणि चित्रविषय एकच होते. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. तरीही कॅथलीन पेचारे, ग्लोरिया पेचारे आणि त्यांच्या बहिणी या नात्याने भाच्या लागणाऱ्या चित्रकारांची मोठी पिढी त्यांच्या भोवती उभी राहिली. ग्लोरिया यांना १९९९ चा विन पुरस्कार मिळाला.

बार्बरा वियर (मृत्यू २०२३) यांची कथा वारशाची नेहमीची दिशा उलटी करते. त्या चित्रकार मिनी प्वेर्ल आणि एका आयरिश वंशाच्या पुरुषाच्या कन्या. लहानपणी एमिली त्यांचा सांभाळ करीत. मिश्रवंशीय मुलांना कुटुंबापासून तोडण्याच्या सरकारी धोरणानुसार बार्बरा यांना सुमारे नवव्या वर्षी नेण्यात आले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्या परतल्या तेव्हा मातृभाषा विसरल्या होत्या. भाषा व नाती त्यांनी नव्याने शिकून घेतली आणि पुढे त्या चित्रकार झाल्या. त्यांच्या प्रोत्साहनाने मिनी प्वेर्ल यांनी २००० च्या सुमारास, वृद्धापकाळात, प्रथमच कॅनव्हास हाती घेतला. मिनी यांच्या बहिणीही काही वर्षांनी चित्रे काढू लागल्या. लेकीकडून आईला कुंचला मिळाला, तरी आईने रंगवलेली अंगचित्रांची आकृती लेकीने कधीच दिलेली नव्हती. ती आईला तिच्या वडिलांच्या भूमीकडून आलेली होती.

आर्न्हेम लँड

उत्तरेकडील आर्न्हेम लँडमध्ये झाडाच्या सालीवर मातीच्या रंगांनी चित्रे काढली जातात. योल्ङू समाज धुवा आणि यिरिचा या दोन अर्धगटांत विभागलेला आहे. मूल वडिलांच्या अर्धगटात जाते आणि आई नेहमी दुसऱ्या अर्धगटातील असते. कुळाची आकृती हा त्या कुळाच्या भूमीवरील हक्काचा पुरावाच मानला जातो. पवित्र आकृती रंगवणे पूर्वी पुरुषांचे काम होते. यिर्काला येथील मावालान मारिका (मृत्यू १९६७) यांनी आपल्या मुलींना त्या शिकवल्या; त्यांपैकी धुवारवार आणि बंडुक मारिका प्रसिद्ध झाल्या.

न्यापान्यापा युनुपिंगू (मृत्यू २०२१) यांनी वेगळा मार्ग घेतला. त्या मुंगुरावुय युनुपिंगू या नामवंत चित्रकाराच्या कन्या होत्या आणि त्यांच्या बहिणी गुलुंबू, बारुपू व नॅन्सी याही चित्रकार होत्या. न्यापान्यापा यांनी कुळाच्या पवित्र आकृती टाळल्या. १९७५ मध्ये एका रानरेड्याने त्यांना गंभीर जखमी केले होते. त्या प्रसंगावरील त्यांच्या कलाकृतीला २००८ मध्ये राष्ट्रीय आदिवासी कला पुरस्कार मिळाला. नंतरच्या अनेक चित्रांना ‘मायिलिमिरिउ’, म्हणजे अर्थरहित, असे म्हटले गेले. योल्ङू कलेत कथेविना चित्र हीच एक नवी गोष्ट होती.

पश्चिमेकडील कुनिंज्कू समाजातील जॉन मावुर्न्जुल (१९५२–२०२४) हे ‘रार्क’ या सूक्ष्म आडव्या-तिरप्या रेषांच्या शैलीसाठी ओळखले जातात. ती त्यांनी थोरले बंधू जिमी न्जिमिन्जुमा आणि पीटर मारालवांगा यांच्याकडून आत्मसात केली. त्यांच्या पत्नी के लिंजुवांगा आणि कन्या ॲना वुर्किज यादेखील याच शैलीत काम करणाऱ्या चित्रकार होत.

कार्पेन्टेरियाच्या आखातातील बेंटिंक बेटावरील सॅली गॅबोरी (सु. १९२४–२०१५) यांना मात्र चित्रपरंपरा वारशाने मिळालीच नव्हती, कारण कायाडिल्ट समाजात सपाट पृष्ठभागावर चित्रे काढण्याची प्रथा नव्हती. १९४८ मध्ये हा समाज मॉर्निंग्टन बेटावर हलवला गेला. २००५ मध्ये, ऐंशीच्या घरात, त्यांनी पहिले चित्र काढले. त्यानंतर त्या वडिलांची, भावाची आणि पतीची भूमी मोठमोठ्या रंगपटांत रंगवत राहिल्या. चिन्हे नसली, तरी प्रत्येक चित्राचे नाव एका आप्ताच्या जागेचे होते.

कायदा आणि आर्थिक वारसा

न्यायालयांसमोर हा प्रश्न १९९० च्या दशकात दोन खटल्यांतून स्पष्टपणे आला. व्हिएतनाममध्ये विणलेल्या गालिच्यांवर आदिवासी चित्रांची नक्कल झाल्याबद्दल बंडुक मारिका, जॉर्ज मिल्पुरुरू आणि इतरांनी दावा दाखल केला. काही चित्रकार तोपर्यंत दिवंगत झाले होते. १९९४ मध्ये न्यायालयाने १,८८,६४० डॉलरची भरपाई मंजूर केली. पवित्र आकृतीचा असा अवमान झाला तर स्वतः चित्रकारालाच कुळासमोर उत्तर द्यावे लागते, या सांस्कृतिक हानीचाही न्यायालयाने विचार केला. जॉनी बुलुन बुलुन यांच्या पाणवठ्यावरील हंसांच्या चित्राची कापडावर नक्कल झाल्याच्या १९९८ च्या खटल्यात गानालबिंगू कुळाने सहमालकीचा दावा केला. तो मान्य झाला नाही. मात्र चित्रकार आपल्या कुळाप्रती विश्वस्तासारख्या कर्तव्याने बांधील असतो, असे न्यायालयाने नमूद केले. सामूहिक मालकी अजूनही प्रताधिकार कायद्याच्या बाहेरच आहे.

पुनर्विक्रीचा मोबदला हा दुसरा प्रश्न. जॉनी वारांगकुला जुपुरुला यांचे १९७२ मधील ‘वॉटर ड्रीमिंग ॲट कालिपिन्प्या’ हे चित्र १९९७ मध्ये २,०६,००० डॉलरना आणि २००० मध्ये ४,८६,५०० डॉलरना विकले गेले. चित्रकार तेव्हा हयात होते. त्यांना दोन्ही वेळा कायद्याने काहीही देय नव्हते. अशा प्रकरणांनंतर २००९ मध्ये संमत झालेला पुनर्विक्री स्वामित्वधन कायदा ९ जून २०१० पासून लागू झाला. त्यानुसार १,००० डॉलर किंवा अधिक किमतीच्या पुनर्विक्रीवर ५ टक्के रक्कम कलाकाराला आणि त्याच्या मृत्यूनंतर ७० वर्षे वारसांना मिळते. कायदा लागू होण्यापूर्वी घेतलेले चित्र त्यानंतर प्रथमच विकले जात असेल, तर ही रक्कम देय नसते.

दूरवरच्या वसाहतींतील अनेक चित्रकार मृत्युपत्र न करता मरण पावतात. वारसा कायद्यातील पती, पत्नी आणि अपत्ये या व्याख्या त्यांच्या नात्यांशी जुळत नाहीत: एका व्यक्तीला अनेक ‘आया’ असू शकतात आणि पुतणीही ‘मुलगी’ असू शकते. ऑस्ट्रेलियाचे कला-विधी केंद्र कलाकेंद्रांत वकील पाठवून चित्रकारांना मृत्युपत्रे करण्यास मोफत साहाय्य करते.

दिवंगतांची नावे

अनेक आदिवासी समाजांत मृत व्यक्तीचे नाव उच्चारणे आणि छायाचित्र दाखवणे शोककाळात टाळले जाते. हा काळ कुटुंब ठरवते; तो काही महिन्यांचा किंवा अनेक वर्षांचा असू शकतो. मध्य ऑस्ट्रेलियात अशा व्यक्तीचा, तसेच त्याच नावाच्या हयात व्यक्तीचा उल्लेख ‘कुमांजायी’ या पर्यायी नावाने करतात. कलादालने, ग्रंथ आणि दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम यांच्या आरंभी त्यामुळे सूचना दिली जाते. चित्रकाराच्या निधनानंतर त्याची चित्रे भिंतीवर ठेवायची की काही काळ उतरवायची, नाव छापायचे की केवळ गटनाम, याबाबत संस्था प्रथम कुटुंबाची संमती घेतात. संमती मिळाल्यावर नाव पुन्हा वापरात येते.